अर्ध्या आंब्याला मोहोर, अर्ध्याला तांबडी पालवी: ऋतूची खूण की कीड?

प्रश्न (फोंड्याहून)
आमच्या परसात मानकुरादचे एक जुने झाड आहे. यंदा फेब्रुवारीत त्याच्या अंगणाकडच्या फांद्या मोहोराने भरल्या आहेत, तर विहिरीकडच्या फांद्यांवर मोहोराचा मागमूसही नसून तांबूस, लोंबती कोवळी पाने फुटली आहेत. सासूबाई म्हणतात की ही वसंताची पालवी आहे, तिची चिंता करू नये. शेजाऱ्यांच्या मते मात्र त्या बाजूला कीड लागली असून लगेच फवारणी करायला हवी. कोणाचे ऐकावे? आणि ऋतू पालटल्याचे आपण आपल्या परसात कशावरून ओळखता?

उत्तर (डिचोलीहून)
सासूबाईंचे ऐकावे. कोवळ्या पानांत हरितद्रव्य कमी आणि अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य अधिक असते. पाने जून झाली की ती आपोआप हिरवी होतात. आंब्याची प्रत्येक डहाळी बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वागते. ज्या डहाळ्यांनी गेल्या उन्हाळ्यात फळे पोसली, त्यांच्याजवळ यंदा मोहोरासाठी पुरेसा साठा उरत नाही आणि त्या पालवीत जातात, तर विसावा मिळालेल्या जून डहाळ्या रात्रीच्या थंडीने मोहोरतात. शिवाय मोहोरापूर्वी झाडाला काही काळ पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि विहिरीकडच्या मुळांना तो बहुधा बसलाच नसावा.

शेजाऱ्यांची शंका अगदीच फोल नाही, फक्त त्यांनी चुकीच्या बाजूला बोट दाखवले आहे. तपासायचा तो मोहोर. त्याची फांदी हलवल्यावर पाचरीच्या आकाराचे बारीक किडे उडाले, तर ते तुडतुडे समजावेत. त्यांच्या चिकट स्रावाने पाने चकाकतात आणि पुढे त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. पांढरी पूड दिसली तर ती भुरी, आणि तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक चालते. मात्र मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये, कारण आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्याच करतात.

उत्तर (काणकोणहून)
तांबडी पालवी आंब्यालाच येते असे नाही. आमच्या भिरंडीचीही (कोकमाचीही) कोवळी पाने तशीच असतात आणि नवख्याला ती फुलांसारखी भासतात. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होत असला, तरी आमच्याकडे शिगम्याच्या आधीच काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात. सुरंगीच्या कळ्या मात्र भल्या पहाटेच काढाव्या लागतात, कारण उन्हे वर आली की त्या उमलतात आणि मग त्यांचे वळेसर (गजरे) नीट होत नाहीत.

उत्तर (केप्याहून)
मोहोराला मी वसंताची खूण मानत नाही, कारण तो काही वर्षी डिसेंबरातच येतो. कोकीळ आणि तांबट यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे. तांबट या दिवसांत वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडून घरटे करतो, आणि नेमक्या त्याच सुमारास आपण परसाची साफसफाई काढतो. तेव्हा शेवग्याची किंवा पांगाऱ्याची सुकी फांदी तोडण्याआधी तिच्या खालच्या बाजूला असे भोक आहे का, ते पाहावे. असल्यास पिल्ले उडून जाईपर्यंत ती राहू द्यावी.