बार्बाडोस: मार्च की जुलै? आणि राहायचं नक्की कुठल्या बाजूला?

पाण्यात_पाय:
नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोत राहतो आणि यंदा पहिल्यांदाच कॅरिबियनला जायचं ठरतंय, ठरतंय म्हणजे काय तर गेले तीन आठवडे रोज जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा, फोटो बघायचे, सगळं निळंच निळं दिसतं, मग जांभया देत झोपायला जायचं. सेंट लुशिया, अँटिग्वा असं सगळं फिरून झाल्यावर बार्बाडोसवर गाडी थांबलीय आणि खरं सांगायचं तर त्याचं कारण नवरा. 29 जून 2024 ला टी-20 वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये सूर्याने तो कॅच घेतला तेव्हापासून ह्याला तिथलं मैदान, केन्सिंग्टन ओव्हल, बघायचंय. असो.

आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक (पोहायला येतं म्हणते, येत नाही) आणि सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघे दुखतात त्यामुळे वाळूत लांब चालणं जमणार नाही. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, आम्हा तिघांना इथला पीआर (कायम राहायचा परवाना) आहे, त्या व्हिजिटर व्हिसावर आल्यात.

मार्च ब्रेकला, म्हणजे शाळेच्या मार्चमधल्या सुट्टीत, जाऊ की जुलैमध्ये? जुलैत हॉटेलं बरीच स्वस्त दिसतायत पण वादळांची भीती वाटते. एक हॉटेल भयंकर आवडलंय, बाथशीबाच्या बाजूला, किनाऱ्यावर प्रचंड खडक, फोटो बघूनच जीव गेला. ते घेऊ का? ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणंपिणं सगळं भाड्यातच) बरं की स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट? गाडी भाड्याने घ्यावी का? प्रश्न खूप झाले माहितीये, जमेल तसं सांगा.

खारा_वारा:
कामानिमित्त दोन वर्षं होतो तिथे. बाकीचं नंतर, आधी ते बाथशीबाचं हॉटेल सोड.

बेट केवढं, तर लांबी साधारण 34 किलोमीटर आणि रुंदी 23. पण पूर्व आणि पश्चिम किनारा म्हणजे दोन वेगळे समुद्र आहेत असंच समज. पूर्वेला अटलांटिक. आफ्रिकेपासून मध्ये काही म्हणजे काही आडवं येत नाही, लाटा तिकडून वाढत वाढत येतात आणि बाथशीबाच्या खडकांवर फुटतात. तिथल्या सूप बोल नावाच्या जागी जगभरातले सर्फिंगवाले येतात, ते ह्याच लाटांसाठी. बघायला स्वर्ग. पण पाण्यात खाली ओढ असते आणि मोठ्या माणसालाही आत खेचून नेते, तिथले लोकसुद्धा त्या बाजूला पोहत नाहीत. ओहोटीला खडकांमध्ये डबकी तयार होतात त्यात बसता येतं, तेवढंच. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आठ दिवस राहिलात तर रोज तिला 'नाही बाळा, पाण्यात नाही' हेच सांगत बसाल. त्यापेक्षा एक दिवस जाऊन या, फोटो काढा, जेवा, परत या.

पश्चिम किनारा, म्हणजे होलटाउन, पेन्स बे, मलिन्स हा पट्टा, तिथे पाणी तळ्यासारखं असतं. सूर्यास्तही समुद्रात दिसतो. पण महाग, बंगलेवाल्या श्रीमंतांचा भाग आहे तो. तरी एक लक्षात ठेव, बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. समोर कितीही मोठं हॉटेल असो, किनारा त्याच्या मालकीचा नसतो, फक्त खाली उतरायची वाट शोधावी लागते.

तुमच्यासाठी मला विचारशील तर दक्षिण किनाऱ्याचा पश्चिमेकडचा भाग, हेस्टिंग्ज ते वर्दिंग. लाटा थोड्या असतात पण खेळण्यापुरत्या. अॅक्रा बीचवर लाइफगार्ड असतात. आणि सासूबाईंसाठी मुद्दाम सांगतो, हेस्टिंग्जपासून अॅक्रापर्यंत समुद्राला लागून दीडएक किलोमीटरचा सपाट बोर्डवॉक आहे, मध्ये बाकडी आहेत. संध्याकाळी सगळं गाव तिथे चालायला येतं. वाळूत पाय न घालता समुद्र अगदी शेजारी, गुडघ्यांना आणखी काय हवं. एअरपोर्टही दक्षिणेलाच आहे त्यामुळे उतरल्यावर फार वेळ जात नाही.

लेकीला पाण्यात सोडायचं तर कार्लाइल बे. राजधानी ब्रिजटाउनला लागूनच आहे, ओव्हलही तिथून लांब नाही. पाणी शांत, कासवं दिसतात, आणि किनाऱ्यापासून फार लांब न जाता बुडालेली जहाजं आहेत, त्यातली बर्विन नावाची बोट तर 1919 पासून तिथे पडून आहे. नवऱ्याला स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) देऊन सोडून द्या, दोन तास परत येत नाही.

हिशेबी_भाऊ:
वरच्यांनी किनारा सांगितला, मी पैशाचं आणि कागदांचं सांगतो.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या आदल्या दिवशी त्यांच्या सरकारी साइटवर एकदा बघून घ्या कारण असले नियम बदलतात. खरी गोम पुढे आहे. स्वस्त तिकीट शोधताना मायामी किंवा न्यूयॉर्कवरून जाणारं दिसेल. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पडणार नाही वगैरे काही चालत नाही. आमच्या ओळखीतले एक जण असेच चेक-इन काउंटरवरून घरी आले. टोरांटोहून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास, तेच घ्या. आणि सासूबाईंचा कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे आज पासपोर्ट उघडून बघा, नाहीतर जाताना चार आणि येताना तीन.

बार्बाडोसहून त्रिनिदादला चक्कर मारायचा मोह झाला तर आवरा, किंवा सासूबाईंना आधी यलो फीव्हरची लस द्या. त्रिनिदाद भारताच्या यलो फीव्हरवाल्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून लगेच भारतात परतताना लसीचं कार्ड नसेल तर क्वारंटाइन करतात. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते. नुसत्या बार्बाडोससाठी ह्याची गरज नाही.

पैसे: त्यांचा डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, दोनाला एक, 1975 पासून. अमेरिकन नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात. घोळ होतो तो इथे, की टॅक्सीला मीटर नसतो आणि ड्रायव्हर म्हणतो चाळीस. कुठले चाळीस? आत बसायच्या आधी विचारा, तिथले की अमेरिकन. मी विचारलं नव्हतं, दुप्पट गेले, भांडायला तोंड नव्हतं कारण त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

ऑल-इन्क्लुझिव्ह घेऊ नका असं माझं मत. दारू न पिणारी, मासे न खाणारी माणसं तिथे दुसऱ्यांचं बिल भरतात.

दोन_पिल्लांची_आई:
मी जुलैवाली आहे त्यामुळे माझा अनुभव सांगते. वादळांचा मोसम अधिकृतपणे 1 जून ते 30 नोव्हेंबर, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. बार्बाडोस बाकी बेटांच्या रांगेपासून जरा पूर्वेला बाजूला पडलेलं आहे त्यामुळे बरीच वादळं त्याला चुकवून जातात. अर्थात 'बरीच' म्हणजे सगळी नाही, 2021 मध्ये जुलैच्या सुरुवातीलाच एल्सा आलं होतं. आणि पाण्यात_पाय, तुमच्या मिस्टरांना विचारा की फायनल जिंकल्यावर टीम इंडिया घरी कधी पोचली :) बेरिल नावाचं वादळ 1 जुलैला बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, विमानतळ बंद, आणि विश्वविजेते हॉटेलात अडकून बसले. दिल्लीला उतरले 4 जुलैला. त्यांना आणायला खास विमान गेलं, आपल्यासाठी कोण पाठवणार? म्हणून जुलैत जायचंच असेल तर रद्द करता येणारं बुकिंग आणि इन्शुरन्स, आणि इन्शुरन्स वादळाला नाव पडायच्या आधी काढायचा, नंतर काढलेला चालत नाही.

पण आम्हाला वादळाने नाही छळलं, शेवाळाने छळलं. सरगॅसम म्हणतात त्याला, तपकिरी, तरंगणारं, 2011 पासून जवळजवळ दरवर्षी अटलांटिकमधून ढिगाने येतं. साधारण मार्च ते ऑगस्ट, एखाद्या वर्षी कमी एखाद्या वर्षी अति. आम्ही आग्नेय बाजूला राहिलो होतो, वेबसाइटवर पांढरी वाळू, प्रत्यक्षात गुडघाभर कुजलेला ढीग. सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, त्यातून गॅस सुटतो. चौथ्या दिवशी धाकटीच्या पायातले चांदीचे पैंजण काळे ठिक्कर! मला वाटलं सोनाराने फसवलं, त्याला फोनवर काय काय बोलले, नंतर कळलं की त्या वासातल्या गंधकानेच चांदी काळी पडते. सोनाराला अजून सॉरी म्हणायचंय. त्याच दिवशी बसने पश्चिम किनाऱ्याला गेलो तर तिथे पाणी आरशासारखं, एक काडी नाही. बेट तेच, दिवस तोच. म्हणजे खारा_वारा म्हणतायत ते अगदी खरं, महिन्यापेक्षा बाजू बघा.

अजून एक, लहान मुलगी आहे म्हणून. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली असतात, गोड वास येतो. अत्यंत विषारी. फळ तोंडात जाऊ द्यायचं नाहीच, पण चीक लागला तरी कातडीला फोड येतात, पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तरी तेच. बऱ्याच झाडांना लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळ्यांना असेलच असं नाही. लेकीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, खाली पडलेलं काही उचलायचं नाही. आणि तिचे मिलिटरी प्रिंटचे कपडे असतील तर घरी ठेवा, तिथे सैन्याशिवाय कोणी ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा.

पाण्यात_पाय:
बापरे, किती उपयोगी! पैंजण वाचून हसू की रडू झालं. बाथशीबा रद्द. सासूबाईंचा व्हिसा मल्टिपल आहे, बघितलं. त्या आता मागे उभ्या राहून वाचतायत आणि विचारतायत की 'मी तिथे खाणार काय, फळं?' गाडीचंही कोणी सांगा ना.

खारा_वारा:
काकूंना सांग, तिथे राइस अँड पीज मिळतो आणि त्यातले 'पीज' म्हणजे बहुतेक वेळा चक्क तुरीचे दाणे! पण थांबा, त्या भातात बऱ्याचदा खारवलेलं डुकराचं मांस टाकून शिजवतात, वरून दिसतही नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारायचं. मॅकरोनी पाय चीजची असते पण त्यात अंडं असू शकतं. हमखास चालणारी गोष्ट म्हणजे रोटी. तिथली रोटी म्हणजे मोठ्या पातळ पोळीत बटाटा-चण्याची भाजी घालून गुंडाळलेली, एक खाल्ली की दुपार झाली. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण, त्याला आयटल म्हणतात, तेही सहसा पूर्ण शाकाहारी. नीरफणस भाजलेला मिळतो, ब्रेडफ्रूट म्हणून मागायचा. तिथला पिवळा पेपर सॉस मात्र थेंबाथेंबाने, आपण तिखट खातो असा माज मी पहिल्या दिवशी केला होता.

तरी माझं मत अपार्टमेंटच. सकाळी पोहे-उपमा घरी, दुपारी बाहेर. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पाणी त्यातून गाळून येतं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजायची जत्राच असते, तुम्ही तिघं जा, काकू हवं तर घरी.

हिशेबी_भाऊ:
गाडी नको. बसचं तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठूनही कुठेही. निळ्या सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, मोजून ठेवा. स्टॉपवर फक्त दोन प्रकारच्या पाट्या, 'टू सिटी' आणि 'आउट ऑफ सिटी', सिटी म्हणजे ब्रिजटाउन. चुकायला वावच नाही.

खारा_वारा:
भाऊ, 68 वर्षांच्या (वय मी अंदाजाने धरलं, काकू माफ करा) बाईंना गुडघे दुखत असताना तिथल्या खासगी झेडआर व्हॅनमध्ये चढवणार का? पांढरी गाडी, गाणी छप्पर उडेल एवढी, आणि एका सीटवर दीड माणूस. तुम्हा-आम्हाला मजा येते. मी म्हणेन दोन दिवसांपुरती गाडी घ्या. गाड्या डाव्या बाजूने चालतात, भारतात शिकलेल्याला हात लगेच बसतो, पण रस्ते अरुंद आणि वळणावर समोरचं दिसत नाही. तिथे चालवायचा परवाना गाडी भाड्याने देणाराच करून देतो. एक दिवस हॅरिसन्स केव्ह, तिथे ट्रॅममध्ये बसून गुहा बघतात म्हणजे चालायचं नाही, आणि तिथूनच पुढे बाथशीबा. बाकी दिवस बस.

पाण्यात_पाय:
ठरलं मग, मार्च, वर्दिंगजवळ अपार्टमेंट, गाडी दोनच दिवस. आणि वय 71, पण '68 च राहू दे' असं मागून सांगण्यात आलंय. नवरा विचारतोय की ओव्हलच्या पिचवरचं गवत रोहितने खाल्लं तसं खाता येईल का.

खारा_वारा:
आत कोण सोडतंय. बाहेर तिथल्या क्रिकेटपटू गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, त्याच्याबरोबर फोटो काढा. आणि सगळीकडे, बसमध्ये चढताना सुद्धा, आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, मग काय ते विचारायचं. नाही म्हटलं तर उत्तर मिळतं, पण मिळायला वेळ लागतो.