श्वास कापले की गाणं स्वच्छ होतं? मला नाही पटत

मंद्रसप्तक:
परवा इथे एकाने लिहिलं, ‘रेकॉर्डिंगमधले गायकाचे सगळे श्वास कापा, प्रत्येक शब्द ग्रिडवर (स्क्रीनवरच्या तालाच्या रेषांवर) बसवा, निम्मं मिक्सिंग तिथेच झालं.’ खाली ‘एकदम बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मीही हेच करायचो. एका संथ गाण्यातले झाडून सगळे श्वास उडवले. हेडफोनवर ऐकलं तर ओळ संपली की खोलीचा बारीक आवाजही गायब, पुढची ओळ आली की परत हजर. कुणी दार उघडझाप करतंय तसं. गायिकेने ऐकलं आणि म्हणाली, ‘मी इथे गुदमरतेय.’ रात्रभर बसून सगळे श्वास परत आणले. प्रत्येकाचा क्लिप गेन (त्या तुकड्यापुरती आवाजाची पातळी) 6 ते 8 डेसिबल खाली, सुरुवातीला लांब फेड, म्हणजे आवाज हळूहळू वर. झालं. वरच्या सुरावर उडी मारण्याआधी घेतलेला श्वास त्या ओळीचाच असतो हो!

आणि ग्रिड. ‘स्वप्न’ शब्द घ्या. वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) आधी ‘स’ची खरखर दिसते, तिची सुरुवात तुम्ही रेषेवर नेऊन ठेवता. पण कानाला ठोका लागतो तो साधारण स्वर उघडतो तिथे. म्हणजे शब्द उशिराच आला. डोळ्यांना बरोबर, कानाला चूक.

ठोकाठोक:
तो ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घेऊन लिहायचं होतं.

तुमची एक गायिका, एक संथ गाणं. माझ्याकडे कोरस येतो. सहा आवाज, सहा जण सहा ठिकाणी श्वास घेणार. लोहाराचा भाता चालल्यासारखं वाजतं. शिवाय मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं काय? मोठ्या सुरावर 8 डेसिबल दाबले आणि मेकअप गेनने, म्हणजे सगळाच आवाज उचलून, तेवढेच परत दिले, तर थ्रेशोल्डखालचा (दाब सुरू होतो त्या पातळीखालचा) श्वास फुकटात 8 डेसिबल वर येतो. मग तो कानात फुसफुसतो. हातात दोन दिवस असतात, रात्रभर श्वास कोण गोंजारत बसणार?

उबदारनाद:
दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलताय. सॉफ्टवेअर बदला. मी त्याच फाइली दुसऱ्या डॉमध्ये (रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकल्या आणि मिक्स उघडला. आवाज पुढे आला, श्वास टोचेनासे झाले. त्याचं समिंगच, म्हणजे ट्रॅकची बेरीजच, उबदार आहे.

शून्यरेषा:
हे वाक्य वाचून वाचून कंटाळा आला. बेरीज ती बेरीज. तेच ट्रॅक, फेडर शून्यावर, एकही प्लगिन नाही, टाइम-स्ट्रेच बंद. दोन्हीकडून 32 बिट फ्लोटमध्ये एक्स्पोर्ट करा, एकाची पोलॅरिटी उलटी (अधिकचं उणे) करून एकमेकांवर ठेवा. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खोडतील, शांतता मिळेल. नाही मिळाली तर आधी पॅन लॉ (आवाज डाव्या-उजव्या बाजूंत वाटताना पातळी किती उतरवायची तो नियम) बघा. एकात मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक 3 डेसिबल खाली उतरतो, दुसऱ्यात उतरत नाही. ‘आवाज पुढे आला’ तो इथून.

उबदारनाद:
पंधरा वर्षं हेच काम करतोय. गणित शिकवू नका. कान आहेत मला.

शून्यरेषा:
कान मलाही आहेत, आणि ते फसतात हे अनुभवाने सांगतोय. एकदा वीस मिनिटं एका ईक्यूचं (बास-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या साधनाचं) बटण फिरवत होतो, आवाज सुधारतोय याची खात्री होती. ईक्यू बायपासवर, म्हणजे बंदच होता. त्या दिवसापासून पातळी जुळवल्याशिवाय तुलना करत नाही. आवाज मोठा केला की बास भरलेला वाटतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलंय. तरी आपण मोठ्यालाच चांगलं म्हणतो.

काठावरचा:
मोठ्यावरून आठवलं. मास्टर, म्हणजे अंतिम मिक्स, लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) ठोकून ठोकून -6 लफ्सवर (आवाजाच्या मोठेपणाचं माप) नेता, आणि स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर -14 ला आणून ठेवतं. मिळवलेले 8 डेसिबल गेले, चिरडलेला ड्रम तेवढा उरला. श्वासही त्याच लिमिटरने वर काढले. ठोकाठोक, तुमचं दुखणं तिथे आहे का तेही बघा.

ठोकाठोक:
ग्राहकाला मोठं हवं असतं. पण हो, मास्टरवर लिमिटर लावूनच एडिटिंगला बसतो मी.

उबदारनाद:
काल रात्री करून पाहिलं. पहिल्यांदा शांतता आली नाही, मधला आवाज शिल्लक राहिला. पॅन लॉ सारखा केला. मग काहीच उरलं नाही. मीटरसुद्धा हलला नाही. ठीक आहे, समिंगचं विधान मागे. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये माझा हात भरभर चालतो आणि काम चांगलं होतं, हे मागे घेणार नाही.

शून्यरेषा:
ते घेऊच नका, त्यावर माझं भांडण कधीच नव्हतं.

मंद्रसप्तक:
कोरसचं ठोकाठोक यांचं बरोबर आहे. तिथे मीही एकाच आवाजाचे श्वास ठेवून बाकीचे उडवतो, हे आधीच लिहायला हवं होतं. मुख्य आवाजात मात्र नाही म्हणजे नाही. कॉम्प्रेसर श्वास वर आणतो, म्हणूनच तो कॉम्प्रेसरच्या आधी, क्लिपवर खाली न्यायचा. कापायची गरज कुठे उरते?

ठोकाठोक:
पुढच्या गाण्यात मुख्य आवाजाचे श्वास लिमिटर काढून ऐकेन आणि खाली नेऊन बघेन. कोरसचे कापणारच. आणि ‘स्वप्न’चं खरं निघालं. शब्द मागे वाटतोय म्हणून तीन वेळा पुढे-मागे केला होता, आज ‘स’ रेषेच्या आधी सोडला आणि बसला.