अथेन्सचा चढ
पहिली परदेशी मॅरेथॉन म्हणून अथेन्स निवडावे का, या प्रश्नाला बहुतेकांनी, या शर्यतीचा उगम तिथलाच असा इतिहासाचा दाखला देऊन, होकार दिला आहे. माझाही होकारच आहे, मात्र तेथील चढाचा उल्लेख कोणीच केलेला दिसत नाही. शर्यत मॅराथॉन गावातून सुरू होते आणि इ.स.पू. 490 च्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांच्या समाधी-टेकाडाला वळसा घालते. तोपर्यंत रस्ता सपाट असल्याने पाय आपोआप पळत सुटतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण साधारण दहाव्या किलोमीटरनंतर सुरू होणारा चढ, मधले छोटे उतार सोडल्यास, थेट एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत पाठ सोडत नाही. मुंबईच्या पेडर रोडची चढण त्यापुढे किरकोळ वाटावी. त्यामुळे नेहमीच्या वेळेचा आग्रह येथे धरू नये. पुढच्या उतारावर मांड्या भरून येतात, म्हणून सरावात उतारावरचे धावणेही असावे.

मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर हे अंतर मात्र प्राचीन नव्हे; ते 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधले. 1896 साली पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीक धावपटू स्पिरिडॉन लुईस जिंकला ती शर्यत सुमारे 40 किलोमीटरचीच होती. तो ज्या संगमरवरी स्टेडियममध्ये पोहोचला, तिथेच आजही शेवट होतो. वाटेत गावातल्या आजीबाई ऑलिव्हची डहाळी पुढे करतात. ती अवश्य घ्यावी, घामेजल्या मुठीत तिची पाने टोचत राहिली तरी.