विरत गेलेलं नातं पडद्यावर: पक्षी दाखवावेत की माणसं?

ऐरोलीची
४ मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतेय, संवाद नाहीत. १२ वर्षांचं नातं, मोठं भांडण एकही नाही, नुसतं विरत गेलेलं. मला माणसं दाखवायचीच नाहीत. आपल्या ठाणे खाडीतले दोन फ्लेमिंगो, आणि त्यांचा उतरत जाणारा गुलाबी रंग. हा रंग जन्मतः नसतो, पिल्लू करडं असतं. खाडीतलं शेवाळ खाऊन खाऊन तो चढतो आणि खाणं बदललं की जातो. नात्यालाही रोज काहीतरी खायला लागतंच ना? जलरंगात करणार आहे, दर चित्राला गुलाबीत एक थेंब पाणी जास्त. प्रतीक इतकं नेमकं सापडल्यावर चेहरे कशाला हवेत?

ठाणे_वाशी
असहमत. कॉलेजात मीही अशीच फिल्म केली होती. दोन पणत्या, एकीतलं तेल संपत जातं. संपल्यावर पहिला प्रश्न आला, 'ऊर्जा बचतीवर आहे का?' माझं त्यात काय जळत होतं ते कुणापर्यंत पोचलंच नाही. तुमचे पक्षी बघून लोक 'खाडी वाचवा' म्हणतील.

आमच्या लोकलमध्ये लेडीज आणि जनरलच्या मध्ये जाळी असते. घणसोलीला चढणारं एक जोडपं त्या जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून बोलत जायचं. तो शेंगदाण्याची पुडी जाळीला टेकवून धरायचा, ती भोकातून एकेक दाणा ओढून घ्यायची. काही महिन्यांनी ती दुसऱ्या टोकाच्या लेडीज डब्यात चढायला लागली. तो जाळीपाशीच उभा राहायचा. हे काढा. पक्षी कशाला?

पाणथळ
मी प्रतीकाच्या बाजूचा, पण एक चूक दुरुस्त करा. २०१५ मध्ये खाडीत अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या आधीपासून हे पक्षी बघतोय. आलेलं पीस असं थेंबाथेंबानं फिकं होत नाही. वाढताना त्यात रंग भरतो तेवढाच. खाणं बदललं तर जुनं गुलाबी पीस गळतं आणि त्याच्या जागी येणारं नवं फिकं येतं.

ऐरोलीची
@पाणथळ, हे सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. आमचे जुने दिवस आजही तितकेच रंगीत आहेत, फिके आले ते नंतरचे. आता पाणी घालणार नाही. पिसं वेगळ्या कागदावर रंगवून, कापून एकेक बदलेन.

@ठाणे_वाशी, शेंगदाण्यांचं वाचून गलबलून आलं. पण माणसं दिसली की लोक चूक कुणाची ते शोधायला लागतात. ती दुसऱ्या डब्यात गेली म्हणजे तीच वाईट. आमच्यात चूक कुणाचीच नव्हती हो.

लाइटबॉक्स
कटआउटच करा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ४ मिनिटांना २,८८० चित्रं होतात. एकटीनं जलरंगात तेवढी काढता काढता जीव मेटाकुटीला येईल. आणि पक्षी सतत हलवू नका. एका पायावर उभे राहू देत, पाणी तेवढं हलू दे. त्या स्थिर चित्रात एक पीस गळलं तर नजर तिथंच जाईल.

ठाणे_वाशी
लोक चूक कुणाची ते शोधतात म्हणालात, ते पटलं. तरी कुणालाही दोषी न ठरवता माणसं दाखवणं हेच खरं आपलं काम, त्यातून पक्ष्याआड सुटका करून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पक्षीच घेणार असाल तर निदान शेवटी ते उडवू नका. पावसाळ्याआधी ते कच्छकडे जातात आणि थंडीत परत येतात, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पक्षी उडाले की ठाण्याचा प्रेक्षक नोव्हेंबरची वाट बघणार.

ऐरोलीची
शेवट उडण्याचाच होता. स्टोरीबोर्डमधले ते सहा चौकोन आत्ता भिंतीवरून काढले. ओहोटी लागलीय, दोघं एकाच चिखलात चोच खुपसून चरतायत, पाठीला पाठ. माणसं मात्र येणार नाहीत.