मदत हवी आहे: अक्षरं येतात पण वाचन होत नाही

नमस्कार, मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. काही मुलांना मुळाक्षरं, काना-मात्रा सगळं येतं, पण वाचायला दिलं की 'पाणी' हा शब्द 'प ला काना पा, ण ला दुसरी वेलांटी णी' असा फोडत बसतात आणि शेवटी शब्द काय झाला विचारलं की गप्प. जोडाक्षर आलं तर तिथेच अडतात. बोलायला मात्र एकदम चुणचुणीत आहेत, म्हणून त्यांनीच सांगितलेलं वाक्य फळ्यावर लिहून वाचायला देते, ते जमतं, पण खरंच वाचतायत की आठवणीतून म्हणतायत हे कसं ओळखायचं? शब्दांची जागा बदलून बघू का? आणि श्रुतलेखन आत्ताच सुरू करावं की वाचन जरा सुटसुटीत झाल्यावर? वर्गात करून बघितलेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.