मदत हवी आहे : शाळेच्या मुलांना कलासंग्रहालय दाखवणे आणि त्याला जोडून हातकामाचा वर्ग (सोलापूर)

नमस्कार.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. आठवी आणि नववीच्या ६२ मुलामुलींना येत्या डिसेंबरात एखादे चांगले संग्रहालय दाखवावे, आणि तेथे जे पाहिले त्याच्याशी थेट नाते असलेला हातकामाचा वर्ग त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात घ्यावा, असा विचार आहे. मुख्याध्यापकांची तोंडी संमती मिळाली आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे सहलीचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी ठिकाण आणि दिवसाचा आराखडा पक्का करावा लागेल, म्हणून येथील अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या वर्षीची आमची सहल का फसली ते आधी सांगते, म्हणजे मला नेमके काय नको आहे हे लक्षात येईल. आम्ही ८० मुले घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो (नाव मुद्दाम देत नाही). सोबत दिलेल्या मार्गदर्शकांनी प्रत्येक काचपेटीसमोर उभे राहून आतली पाटी मोठ्याने वाचली, मागच्या रांगेतल्या मुलांना ना पाटी दिसली ना वस्तू, आणि पाऊण तासात आम्ही सहा दालने ओलांडून बाहेरच्या पायऱ्यांवर कडक भाकरी व शेंगाचटणीचे डबे उघडून बसलो होतो. दुपारी एका खासगी संस्थेने 'कला कार्यशाळा' घेतली. त्यात मुलांच्या हाती मोराची छापील आकृती आणि तेलखडूंची पेटी दिली गेली. सकाळी पाहिलेल्या एकाही वस्तूचा त्या मोराशी संबंध नव्हता. ८० मोर रंगवून झाले आणि आम्ही परतलो.

त्या दिवसातला एक प्रसंग मात्र अजून मनातून जात नाही. आठवीतला एक मुलगा जुन्या पैठणीच्या पेटीसमोर थांबला होता. त्याचे वडील यंत्रमागावर चादरी विणतात. तो काचेला जवळजवळ गाल टेकवून, मान वाकडी करून, वस्त्राच्या मागे काही दिसते का ते पाहत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बाई, ह्याची उलटी बाजू कशी असंल?" ज्यांनी सोलापुरी जकार्ड चादर वापरली आहे त्यांना या प्रश्नाचे मोल कळेल. आपल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते, आणि मागावर वाढलेले मूल कोणतेही कापड हाती आले की पहिल्यांदा ते उलटून बघते. त्याला उत्तर मिळाले नाही. "पुढे चला, मागचे खोळंबलेत," एवढेच ऐकू आले, आणि खरे सांगायचे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

म्हणून या वेळी वस्तू थोड्या, वेळ जास्त आणि हाताला काम, असे करायचे आहे. एका दिवसात जाऊन येता येईल अशी ठिकाणे मी शोधली. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी स्वतः पाहिले आहे. दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा घरगुती वापराच्या वस्तूंतली कारागिरी मुलांना फार जवळची वाटेल, यात शंका नाही. पहाटे निघून रात्री परत आणणारी हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची आहे, पण येण्याजाण्यात आठ तास गेल्यावर हातकामाला उरते काय? साताऱ्याकडील औंधचे श्री भवानी संग्रहालय चित्रांच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत, परंतु पंढरपूर, म्हसवड, दहिवडी असा तो रस्ताही लांबचा आहे. मुंबईचा विचार आमच्या पालकांच्या खिशाला झेपणारा नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असून एम. एफ. हुसेन यांचा १९१५ चा जन्म तेथला, हे वर्गात सांगितले की मुले चकित होतात. मात्र कोणत्याही नामवंत चित्रकाराचे मूळ चित्र समोरासमोर पाहिलेले मूल माझ्या वर्गात एकही नाही.

माझे प्रश्न असे आहेत. सोलापूरहून दोन-अडीच तासांत पोहोचता येईल आणि जिथल्या वस्तूंवरून मुलांना प्रत्यक्ष काही घडवता येईल, असे कोणते ठिकाण आपण सुचवाल? ६२ मुलांना लहानशा दालनात कसे फिरवावे? आणि हातकामाचा वर्ग संग्रहालयाच्या आधी घ्यावा की नंतर? शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आधी घेतला तर मुले काय शोधायचे ते जाणून जातील, पण त्यांच्या नजरेला आपणच झापडे लावू की काय, अशी भीतीही वाटते.

पालकांचा एक मुद्दा राहिला. आमच्याकडे चित्रकला म्हणजे इंटरमिजिएट परीक्षा आणि दहावीत मिळणारे वाढीव गुण (अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३), एवढेच समीकरण आहे. संग्रहालयासाठी माणशी चारशे रुपये मागितले की "याचे गुण किती?" असे विचारले जाते. यावर कोणी काही तोडगा काढला असल्यास तोही सांगावा.

प्रतिसाद : बार्शीहून, निवृत्त कलाशिक्षक

बाई, आपण लांबलांबची ठिकाणे शोधलीत आणि दाराशी असलेले विसरलात. तेरला जा. तुळजापूर-धाराशिवमार्गे शंभर किलोमीटरच्या आत येते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय लहान आहे आणि तोच त्याचा मोठा गुण आहे. लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या, त्यांतून हा संग्रह उभा राहिला. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात व्यापारी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साधर्म्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी आहे, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून रोमपर्यंत कारागिरी पोहोचत होती, हे त्या एवढ्याशा मूर्तीसमोर उभे राहून सांगितले की आठवीची मुलेसुद्धा गप्प होतात, हा माझा अनुभव आहे.

परंतु आपल्या कामाची वस्तू हस्तिदंताची नाही, ती मातीची आहे. तेरला पांढऱ्या केओलिन मातीच्या सातवाहनकालीन मूर्ती आहेत आणि त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात दाबून, दोन्ही जोडून आतून पोकळ ठेवलेल्या. मुलांना मूर्तीच्या कडेचा सांधा शोधायला सांगावे. सांधा सापडला की मूर्ती कशी घडली हे त्यांचे त्यांनाच उलगडते. आपल्या विद्यार्थ्याला वस्त्राची उलटी बाजू पाहायची होती, तशीच ही मूर्तीची उलटी बाजू समजा.

हातकाम शाळेत परतल्यावर घ्या. पेरू, बोंडे, लाकडी खेळणी अशा सोप्या आकाराचे दोन भागांतले प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे आपण स्वतः आधी करून ठेवावेत. प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून त्यात मुलांना हात घालू देऊ नये. साचे तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्यावेत, कारण कोरडा साचा मातीतले पाणी शोषून घेतो आणि म्हणूनच माती त्यातून सुटून येते. मातीची पोळी करंगळीच्या निम्म्या जाडीची लाटून साच्यात दाबावी, कडांवर टोकदार काडीने आडव्या-उभ्या रेघा पाडाव्यात, पातळ मातीची लापशी लावून दोन्ही भाग जुळवावेत आणि तळाला सुईने एक भोक अवश्य ठेवावे. भाजायचे असेल तर शाडू नको. कुंभाराकडची माती घ्यावी आणि त्याच्याच आव्यात भाजून घ्यावी. भोक विसरलात किंवा माती ओली राहिली तर आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि मूर्ती फुटते. माझ्या पहिल्या खेपेच्या ४० पैकी ११ फुटल्या होत्या.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव आहे. मातीकाम करणाऱ्या मुलांना कुंभार संताच्या समाधीचे दर्शन घडवायला वेगळा खर्च येत नाही. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आणि फार प्राचीन आहे. त्याचे रेखाटन करायला अर्धा तास राखून ठेवावा.

प्रतिसाद : पुण्याहून, संग्रहालयात शालेय गटांना फिरवण्याचे काम करणारी

आधी आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर देते. पारंपरिक हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे त्या त्या जागेपुरतेच गुंफून शेजारच्या धाग्यात अडकवलेले असतात. मागच्या बाजूला लोंबते धागे सोडलेले नसतात, त्यामुळे तिची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. चादरीत रंग उलटतात, पैठणीत उलटत नाहीत. हे त्याला नक्की सांगा आणि माझ्यातर्फे शाबासकीही द्या, कारण पैठणीची पारख करणारे जाणकार नेमके हेच पाहतात.

६२ मुले एकत्र आत नेऊ नयेत. १५-१६ चे चार गट करावेत. दोन गट आत असतील तेव्हा दोन बाहेर रेखाटन करतील. प्रत्येक गटाने संपूर्ण संग्रहालयातल्या चारच वस्तू पाहाव्यात आणि एका वस्तूसमोर किमान दहा मिनिटे बसावे, जमिनीवर मांडी घालून. पहिली दोन मिनिटे कोणीही बोलायचे नाही, आपणही नाही. मग तीन प्रश्न : यात काय चालले आहे? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसते? अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी रुळवलेली ही पद्धत जगभरच्या संग्रहालयांत वापरली जाते, पण तिच्यासाठी कसलेही साहित्य लागत नाही. मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'कशावरून' विचारले की पाठ केलेली उत्तरे गळून पडतात. पाटी मात्र शेवटी वाचू द्यावी.

दालनात फक्त शिसपेन्सिली न्याव्यात. शाईचा एक थेंब किंवा बॉलपेनची एक रेघ कायमची असते. छायाचित्रणाची परवानगी असली तरी फ्लॅश नको. वस्त्रे आणि जलरंगातली चित्रे ५० लक्स (प्रकाशाचे माप) इतक्या मंद प्रकाशात ठेवतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. "एवढा अंधार का?" असे मुले हमखास विचारतात, तेव्हा हे कारण सांगता येईल. आणि शेंगाचटणीचे डबे उघडायच्या आधी दालन पाहून घ्यावे हे बरे. तेलकट बोटांचे ठसे काचेवरून पुसणे हे आमच्या कर्मचाऱ्यांचे नित्याचे काम आहे!

आधी की नंतर, याविषयी माझे मत बार्शीच्या गुरुजींहून थोडे वेगळे आहे. सहलीच्या आदल्या आठवड्यात अर्ध्या तासाचा एकच तास घ्यावा. मातीचा गोळा द्यावा आणि पोकळ पक्षी करायला सांगावा, कसा ते सांगू नये. बहुतेकांचे पक्षी खचतील, फुटतील. मग तेरला गेल्यावर सांधा शोधायला वेगळे सांगावे लागणार नाही. अडलेले मूल स्वतःहून शोधते.

प्रतिसाद : सोलापूरहून, एक पालक

शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. आगारात शाळेच्या पत्रासह अर्ज वेळेवर करावा, डिसेंबरात गाड्यांची मागणी फार असते. गुणांच्या प्रश्नावर एक सुचवतो : मुलांनी केलेल्या वस्तू आणि वहीतली रेखाटने पालकसभेच्या दिवशी मांडा. वस्तुचित्र आणि संकल्पचित्र हे परीक्षेचेच विषय आहेत, तेव्हा प्रत्यक्ष वस्तू पाहून काढलेली पाने दाखवली की निम्मे पालक विचारायचे थांबतात. उरलेले निम्मे थांबणार नाहीत, त्यांचा नाद सोडावा.

मूळ लेखिका :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तेर नक्की केले. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी फोनवर विचारून मग तारीख ठरवेन. एसटीचा अर्ज सोमवारी देत आहे. औंध मी सोडलेले नाही. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आणि हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प एका संस्थानिकाने १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात, यमाईच्या डोंगरावर आहे, हे पुढच्या वर्षी नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांना मुक्कामी सहल काढून दाखवेन.

पोकळ पक्ष्याचा प्रयोग काल एका तुकडीवर करून पाहिला. ३१ पैकी २६ पक्षी खचले. एका मुलीने फुगा फुगवून त्यावर माती थापली आणि वाळल्यावर फुगा फोडायचा असे ठरवले, पण माती वाळताना आकसली, आतला फुगा आकसेना, आणि सकाळी पक्ष्याच्या पाठीला तडा गेलेला होता. तिला आता तेरला जायची घाई झाली आहे.

पैठणीचे उत्तरही त्या मुलाला सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग विणणाऱ्याला सुलटी बाजू कोणती ते कसं कळतं?" पुण्याच्या ताई, याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कृपया लिहावे. आणि बार्शीच्या गुरुजींना एक विनंती : साच्यातून मूळ वस्तू सुटून यावी म्हणून आपण तिला साबणाचे पाणी लावत होता की तेल? माझा पेरू काल प्लास्टरमध्येच राहिला.