सीजे३बी जीपचा मागचा ॲक्सल: क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) ५.३८ च ठेवू की ४.८८ करू?

डोंगरधार
गाडी सीजे३बी, हरिकेन पेट्रोल इंजिन, टी-९० गिअरबॉक्स (तीन गिअरचा), डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), मागे डाना ४४ ॲक्सल, टायर ३१ × १०.५ × १५. मागचं कव्हर उघडलं तर क्राउनचे दोन दात टोकाला उडालेले, ऑइल दुधी आणि तळाला लोखंडाचा चुरा. पिनियनची मागची बेअरिंग खडखडते. हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) ठीक दिसतात.

जोड बदलायचा हे नक्की. भंगारात ४.८८ चा जुना जोड स्वस्तात मिळतोय. वापर असा: निम्मा घाटरस्ता आणि हायवे, निम्मा दगडधोंडे आणि नदीपात्र. ४.८८ घेऊ का? आणि शिमचं (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचं) काम डायल गेज घेऊन घरी जमण्यासारखं आहे का?

---

आठभागिलेत्रेचाळीस
आधी दात मोजा. ५.३८ म्हणजे क्राउनला ४३ आणि पिनियनला ८. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. ४.२७ म्हणजे ४७ आणि ११. ॲक्सलवरच्या पट्टीवर किंवा विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबू नका.

आता हिशोब. सीजे३बीचा मूळ टायर ६.००-१६, व्यास सुमारे २८.४ इंच. तुमचा ३१. म्हणजे टायर बदलला त्याच दिवशी तुमचं ५.३८ मूळ गाडीच्या भाषेत ४.९३ झालं. ४.८८ घातलंत तर ते ४.४७ सारखं वागेल. तिसऱ्या गिअरला, ताशी ८० ला इंजिनाचे फेरे असे पडतात:

मूळ टायर, ५.३८: सुमारे ३१६०
३१ इंच, ५.३८: सुमारे २९००
३१ इंच, ४.८८: सुमारे २६३०
३१ इंच, ४.२७: सुमारे २३००

हरिकेनची ताकद ७५ अश्वशक्ती, तीही ४००० फेऱ्यांना. घाटात ३१ चे जड टायर आणि ४.८८ घेऊन तिसरा गिअर टिकत नाही, सारखं दुसऱ्यावर यावं लागतं. आणि दगडांत पहिला गिअर, ट्रान्सफर केस लोमध्ये: २.८ × २.४६ × ५.३८ = ३७. तेच ४.८८ ला ३३.६. तीन गिअरच्या बॉक्सला आधीच खालचा गिअर तोकडा, त्यात आणखी कशाला घालवायचं?

५.३८ च्या विरोधात एकच खरा मुद्दा आहे. क्राउन तेवढाच राहतो, म्हणून पिनियनचं डोकं बारीक होतं आणि दात थोडे नाजूक. पण ७५ अश्वशक्तीला त्याची चिंता नको. डिझेल इंजिन बसवणार असाल तर गोष्ट वेगळी, मग ४.८८ किंवा ४.२७ लाच जा.

सर्वांत महत्त्वाचं: मागे ४.८८ केलंत तर पुढेही ४.८८ च. पुढचा ॲक्सल लहान, त्याचा जोड वेगळा, खर्च दुप्पट. मागेपुढे १० टक्के फरक ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकलं की ट्रान्सफर केस आणि क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) पिळवटून निघतात. चिखलात टायर घसरून फरक गिळतात, म्हणून कुणाकुणाचं ‘चालतंय की’ ऐकू येतं. ते ऐकू नका.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, हेही लक्षात घ्या. आत्ता काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८७ ला असते. ४.८८ केल्यावर तोच काटा ८० ला असताना गाडी ९६ ला असेल.

---

शिमपुडी
गुणोत्तराचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. भंगारातला जोड मात्र घेऊच नका. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच जुळणी नंबर कोरलेला असतो. नंबर जुळला तरी जुना जोड ज्या खोलीवर (पिनियन क्राउनकडे किती आत आहे त्यावर) झिजलाय ती तुमच्या हाऊसिंगमध्ये तंतोतंत मिळवावी लागते. नाही मिळाली की रडणं सुरू.

घेताना दोन गोष्टी पाहा. पिनियनचे स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) १० की २६, म्हणजे तुमचा योक (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) बसतो का. दुसरं, डिफच्या साइड गिअरचे स्प्लाइन १० की १९, ते हाफ शाफ्टशी जुळतात का. केस (क्राउन ज्यावर बसतो तो डिफचा सांगाडा) बदलायची गरज नाही. डाना ४४ ला ३.७३ आणि त्याखाली एक केस, ३.९२ आणि त्यावर दुसरी. ५.३८, ४.८८, ४.२७ तिघं एकाच केसवर बसतात. सगळी बेअरिंग, सील, क्राउनचे दहा बोल्ट आणि पिनियनचा नट नवे घ्या.

घरी जमतं. शहाणपणाचा भाग उघडतानाच असतो. बेअरिंग कॅपवर आणि हाऊसिंगवर अक्षरं कोरलेली असतात, ती लिहून ठेवा. डावी-उजवी अदलाबदल झाली तर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी मरते. निघालेली प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजून वेगळ्या पुडीत बांधा: पिनियनच्या आतल्या कपाखालची (कप म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी), बाहेरच्या बेअरिंगपाशी प्रीलोडसाठी (बेअरिंगच्या आवळीसाठी) असलेली, केसच्या डाव्या बेअरिंगमागची, उजव्या बेअरिंगमागची. पिनियनवरची ऑइल फेकणारी चकतीही जपा, तिची जाडी खोलीच्या हिशोबात धरलेली असते. ती विसरून महागडा जोड घुंईं करत फिरवणारे बरेच.

पिनियनच्या तोंडावर +२ किंवा −३ असा आकडा कोरलेला असतो, तो इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊमध्ये. जुना +२ आणि नवा −३ असेल तर कपाखाली ५ थाऊ (०.१२७ मि.मी.) वाढवायची. जुना −३ आणि नवा +२ असेल तर तेवढीच काढायची. ही फक्त सुरुवात, शेवटचा निकाल दातांवर रंग लावून उमटणारी खूण देते.

आणि हे कुठे लिहिलेलं सापडत नाही पटकन: कपाखाली जेवढी शिम वाढवाल तेवढीच बाहेरच्या प्रीलोडच्या थप्पीतही वाढवा. दोन कपांतलं अंतर वाढलं की बेअरिंग जास्त आवळली जाते.

जुनी बेअरिंग टाकून देऊ नका. आतून एमरी कापडाने घासून हाताने सरकेल इतकी सैल करा, चाचणीला हीच वापरा. एरवी शिम बदलायला दर वेळी नवी बेअरिंग प्रेसवर ओढाल आणि तिसऱ्या वेळी तिचा पिंजरा वाकेल.

प्रीलोड: सील न लावता, नवी बेअरिंग असेल तर फिरवायला २० ते ४० इंच-पाउंड लागलं पाहिजे. टॉर्क मोजायचं साधन नसेल तर योकवर ५ से.मी. त्रिज्येला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढा. फिरता फिरता काटा साडेचार ते नऊ किलोच्या मध्ये हवा. नट २०० ते २२० फूट-पाउंडला पूर्ण आवळून मगच मोजा. प्रीलोड कमी वाटला तर बाहेरची शिम काढा, नट ढिला ठेवून समाधान मानू नका.

क्राउन केसवर बोल्टने ओढून बसवू नका, वाकडा बसतो. तेलात किंवा भट्टीत ९०–१०० अंशांपर्यंत तापवा, अलगद सरकतो. बोल्ट समोरासमोर ५० फूट-पाउंडला, थ्रेडलॉक लावून.

---

डोंगरधार
खूप आभार. ५.३८ नक्की केलं, नवा जोड घेतो. दोन शंका. खूण वाचायची कशी? आणि हब ओढायला जो पुलर मिळाला तो जबड्याचा आहे, चालेल का?

---

शिमपुडी
रंग, पिवळा मार्किंग पेस्ट असो की शेंदूर-ग्रीस, सात-आठ दातांवर दोन्ही बाजूंनी लावा. क्राउनला हाताने किंवा लाकडाने थोडा अडसर द्या आणि पिनियन फिरवा. बिनअडसराची खूण फसवी असते.

मधोमध, दातांच्या उंचीच्या मध्यावर आली तर उत्तम. दाताच्या टोकाकडे चढली तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, आतल्या कपाखाली शिम वाढवा. खालच्या खोबणीत उतरली तर पिनियन जास्त जवळ, शिम काढा. खूण आतल्या की बाहेरच्या टोकाला आहे याला तितकं घाबरू नका, ते बरंचसं बॅकलॅशने (दोघांच्या दातांमधल्या मोकळ्या जागेने) बदलतं. पण दोन्ही एकदम हलवलं तर काय कशाने सुधारलं ते कळत नाही. एका वेळी एकच. आधी खोली, मग बॅकलॅश.

बॅकलॅश डायल गेजने ०.१५ ते ०.२० मि.मी. क्राउनवर चार जागी मोजा, फरक ०.०५ च्या आत हवा. जास्त फरक निघाला तर क्राउन वाकडा बसलाय किंवा केसच्या बैठकीवर घाण आहे. बॅकलॅश ०.१ मि.मी. ने बदलायचा तर साधारण ०.१४ मि.मी. ची शिम एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला घालायची. एकूण बेरीज बदलू देऊ नका.

केसच्या बेअरिंगना आवळ हवी, म्हणून शेवटी सगळं मोकळं मोजल्यावर एकूण १५ थाऊ जास्त शिम घालतात. केस बसवायला हाऊसिंग थोडं फाकवावं लागतं. २० थाऊच्या पुढे फाकवू नका, बीड आहे, कायमचं पसरतं. कॅपचे बोल्ट ७० ते ९० फूट-पाउंड.

---

मागचा_उजवा
हबाबद्दल. या ॲक्सलचा शाफ्ट निमुळता, हब चावीवर (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीवर) बसलेला. जबड्याचा पुलर ड्रमला धरून ओढतो आणि ड्रम वाकवतो, म्हणून चालणार नाही. चाकाच्या स्टडला बसणारा पुलर हवा. नट पूर्ण काढू नका, शेवटच्या आट्यांवर ठेवा, नाहीतर हब सुटताना उडतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून चालवणारे पुष्कळ आहेत. तो ठोका मधल्या थ्रस्ट गुटक्यातून दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला बसतो.

परत जोडताना शाफ्टचा निमुळता भाग पूर्ण कोरडा ठेवा, ग्रीस लावलं तर हब चावीवर भार देऊन ती कापतो. नट किमान १५० फूट-पाउंड, मग कॉटर पिन. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे नाही. शाफ्टची आडवी हालचाल बॅकिंग प्लेटमागच्या शिमने ०.१० ते ०.१५ मि.मी. ठेवा. दोन्ही शाफ्ट मधल्या गुटक्यातून एकमेकांवर टेकतात, म्हणून एका बाजूला शिम कमी केली तरी दोन्हीकडे हालचाल बदलते.

जुना जोड कशाने गेला तेही शोधा. ऑइल दुधी म्हणजे पाणी. गरम डिफ नदीत उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जायची वाट) तुंबला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती फायरवॉलपर्यंत (इंजिनामागच्या पत्र्यापर्यंत) वर न्या. नवा जोडसुद्धा याच कारणाने जाईल, दोनशे रुपयांच्या नळीपायी.

---

आठभागिलेत्रेचाळीस
ऑइल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०, साधारण १.२ लिटर, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. पहिल्या दिवशी २५–३० कि.मी. सावकाश चालवून डिफ पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले ८०० कि.मी. ट्रेलर नाही, चढावर लो गिअरमध्ये ओढाताण नाही. मग ऑइल बदला. पहिल्या ऑइलमध्ये राखाडी बारीक भुकटी येणारच, पण चकचकीत पापुद्रे दिसले तर कव्हर पुन्हा उघडा.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर घुंईं आली तर आधी पिनियनची खोली तपासा. सोडल्यावर आली तर प्रीलोड. गिअर टाकताना टक् वाजलं तर डिफ उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहा. बहुतेक वेळा तेच असतं.

---

डोंगरधार
नवा पिनियन +१, जुना −२. म्हणजे ३ थाऊ काढून सुरुवात करतो, बाहेरूनही तेवढीच. शनिवारी खुणेचे फोटो टाकतो.